मंगलचा हात

पौष लागला की दोंडाईचा आधी घशाला कळतं, मग डोळ्यांना. गाडी नरडाणा सोडते, बाहेर वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या असतात, आणि कुठूनतरी एक बारीक ठसका येतो. डब्यातले परगावचे लोक खिडक्या ओढून घेतात. मी ओढत नाही. थोड्याच वेळात गावाबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या दिसू लागतात. उघड्या माळावर वाळत घातलेली लाल मिरची, आणि तिच्या कडेनं तोंडाला फडकी बांधून देठ खुडत बसलेल्या बाया. माझी माय आयुष्यभर त्या बायांमधलीच एक होती.

मी जळगावला एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. हिवाळ्याच्या सुट्टीत माय-आबांकडे येते. यंदाही आले, यंदाही ठसका लागला, आणि दर वर्षी आठवतो तोच एक हिवाळा आठवला. त्या हिवाळ्यात मायला लकवा झाला, आणि आमच्या घरात काही आठवडे एक मुलगी राहून गेली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती माझी बहीण होती. माझ्या जन्माआधीच वारलेली.

त्या सकाळी थंडी फार होती. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत होते. निवृत्त झाले तरी लवकर उठायची सवय सुटलेली नाही. त्यांनी चहा ठेवला, मायला हाक मारली. ती उठली नाही. गारठा आहे, निजू दे, म्हणून त्यांनी गोधडी तिच्या खांद्यावर ओढली आणि स्वतः ओट्यावर उन्हाला जाऊन बसले. ऊन अंगणात उतरलं तेव्हा आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. माय खाटेवरून उठायला गेली होती आणि डाव्या अंगावर कलंडली होती. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. ती मात्र शांतपणे सांगत होती, “काही नही, मना पाय सरकना.”

तिला धुळ्याला नेलं. मी जळगावहून एरंडोल, पारोळा करत बसनं पोचले तेव्हा ती दवाखान्यात खाटेवर होती, सुईतून औषध चाललं होतं, आणि आबा दारापाशी हातात तिची चप्पल धरून उभे होते. डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, शेवटचं धड कधी पाहिलं? आबा म्हणाले होते, झोपताना. मधल्या कुठल्या घटकेला ते घडलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठरलेल्या वेळेतच देता येतं, आणि आमच्याकडे ती वेळच नव्हती.

मी काय शिकवते हे कळल्यावर डॉक्टरांनी मला मेंदूचा फोटो दाखवला. उजव्या बाजूला एक डाग होता. “मधला भाग गेला,” ते म्हणाले. “भोवतीच्या काठावरच्या पेशी जिवंत असाव्यात. पण गप्प आहेत. बघू या.”

तो काठ मला माहीत होता. माझ्या तरुणपणाची कितीतरी वर्षं मी त्या काठावर घालवली होती. मेंदूला साखर साठवून ठेवता येत नाही. यकृताला येते, स्नायूंना येते, मेंदूला जवळजवळ नाहीच. त्याला ती क्षणाक्षणाला रक्तातून लागते. आणि रक्त नि मेंदू यांच्यामध्ये केसाहून बारीक नळ्यांची भिंत आहे. साखर ती भिंत आपली आपण ओलांडू शकत नाही. भिंतीत बसलेले वाहक तिला एकेक कण करून आत सोडतात. रक्त अडलं की मधल्या पेशी थोड्याच वेळात मरतात. काठावरच्या मरत नाहीत, पण कामही करत नाहीत. त्या उपाशी राहतात. आणि उपाशी राहिल्या की त्या आणखी वाहक तयार करतात, आत दडलेले वाहक बाहेर आणून उभे करतात. भिंतही तेच करते. साखर जितकी कमी येते तितके तिला घ्यायला उभे राहणारे जास्त. पलीकडून रक्त येणार आहे की नाही, हे त्यांना कळत नसतं. ते उभे राहतात.

पीएचडीच्या वर्षांत प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या बशीत अशा पेशी वाढवायचो, त्यांची साखर आणि प्राणवायू काढून घ्यायचो आणि वाहक किती वाढले ते मोजायचो. याला आमच्याकडे उपाशी ठेवणं असंच म्हणत. “नंदा, आज कुठल्या बशा उपाशी ठेवल्यास?” आमच्या मार्गदर्शक मॅडम विचारायच्या आणि मी सहज सांगायचे. धुळ्याच्या दवाखान्यात मायच्या उशाशी बसल्यावर तो शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी आबा ग्लुकोजच्या पावडरचा डबा घेऊन आले. तांब्यात पाणी घेऊन ते ढवळू लागले. मी त्यांचा हात धरला.

“डोकाले साखर लागस, असं तूच सांगस ना?” आबा म्हणाले. “मंग तिले काबर नही देस?”

मी त्यांना समजावलं. तिच्या रक्तातली साखर आधीच वाढली होती, धक्क्यानं वाढते. जिथं प्राणवायू पोचत नाही तिथं जास्तीची साखर पोचली तर ती जळत नाही, आंबते, आणि तिचं आम्ल होऊन उरलेल्या पेशींनाच जाळतं. म्हणूनच डॉक्टर साखर खाली ठेवायला बघत होते. आबांनी सगळं ऐकून घेतलं. तांब्यातलं पाणी खिडकीबाहेर कुंडीत ओतलं. मग म्हणाले, “म्हणजे भूक लागेल शे, आनि जेवाले देवानं नही.” मी हो म्हटलं. यापेक्षा बरं वर्गातसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं.

माय घरी आली ती अर्ध्या जगात आली. डावीकडचं जग तिच्यासाठी नव्हतंच. आंधळी नव्हती ती. डोळे चांगले होते, पण डावीकडे काही असतं हेच तिला उरलं नव्हतं. ताटातली उजवीकडची भाकरी खायची, डावीकडचं पिठलं तसंच राहायचं. आबा ताट फिरवून द्यायचे, तेव्हा पिठलं तिला नव्यानं दिसायचं. आमच्या घराचं दार तिच्या खाटेच्या डाव्या हाताला. त्यामुळे दारातून आलेलं माणूस तिला येताना दिसायचं नाही. एकदम समोर उभं असायचं. ती दचकायची. आणि मलाही वाटायचं, ह्या दारातून कोणीही येऊ शकेल, आम्हाला पत्ता लागणार नाही.

घरी आणल्यावर लगेचच, एका दुपारी, मी तिच्या डाव्या हाताला तेल लावायला बसले. तो हात गोधडीवर पालथा पडलेला होता. माय माझ्याकडे बघत होती. मी तो हात उचलला तसा तिनं उजव्या हातानं माझं मनगट धरलं.

“तिले उठाडू नको,” ती हळूच म्हणाली. “जपेल शे ती.”

जपेल म्हणजे झोपलेली. मला वाटलं, भ्रम आहे.

“कोन जपेल शे, माय?”

“मंगल. हाऊ मंगलना हात शे.”

“हाऊ तुना हात शे.”

“मना हात आठे शे,” असं म्हणून तिनं उजवा हात वर करून दाखवला. मला समजत नाही याचंच तिला नवल वाटत होतं. मग तो उजवा हात ती डाव्या हाताच्या बोटांवरून फिरवत राहिली. जणू कोणाला थोपटत होती.

असं होतं हे मी वाचलं होतं. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की एखाद्याला आपलाच डावा हात परका वाटतो. कोणी म्हणतं नवऱ्याचा आहे, कोणी म्हणतं शेजारच्या खाटेवरच्या बाईचा. वाचलेलं त्या दुपारी काही उपयोगाला आलं नाही. आबा दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा मी आधी कधी न पाहिलेला झाला होता.

माझ्याआधी एक मुलगी झाली होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच मला माहीत होतं. तिचं नाव मंगल होतं, हे मला त्या दुपारी कळलं. घरात तिचा फोटो नव्हता, झबलं नव्हतं, माय तिच्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. लहान असताना मी एकदा विचारलं तर माय उठून विहिरीवर गेली होती.

माय झोपल्यावर आबा अंगणात माझ्याजवळ येऊन बसले आणि सांगू लागले. मंगल पायावर उभं राहायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मिरचीचा हंगाम होता. माय दिवसभर पथारीवर देठ खुडायची आणि घरी यायची ती हातांची आग घेऊन. ताक लावा, खोबरेल लावा, चिकणमाती लावा, आग उतरायची नाही. मिरचीचा हात पोरीच्या गालाला लागला की पोर किंचाळायची. म्हणून मायनं हंगामापुरतं तिला उचलणं सोडलं होतं. आबाच घ्यायचे. त्याच हंगामात मंगलला ताप आला. तापात ती मायकडे बघून सारखे हात पुढे करायची. माय समोर बसून राहायची, स्वतःचे हात पाठीमागे धरून. ताप उतरला की घेईन, हंगाम संपला की घेईन. मंगल आबांच्या मांडीवर गेली.

“मंग तू झायी,” आबा म्हणाले. “तू पयाले लागी तवलोक ती पथारीवर गयीच नही.” म्हणजे मी पळायला लागेपर्यंत. घरात चूल जेमतेम पेटायची, तरी गेली नाही. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

पुढचे आठवडे मंगल घरात होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. माय तिच्यासाठी गोधडीत जागा ठेवायची, डाव्या कुशीला वळायची नाही, ती चेंगरेल म्हणून. मी खोलीत मोठ्यानं बोलले तर ओठांवर बोट ठेवायची. आणि बोलायची. उभ्या आयुष्यात जिनं नाव घेतलं नाही ती माय आता दिवसभर तिच्याबद्दल सांगायची. मंगलला झोपताना कोणाचा तरी अंगठा धरायला लागतो. मंगलला गाडीची शिट्टी ऐकू आली की ती हसते. मंगलच्या डाव्या कानामागे तीळ आहे. बोलणं थोडं बोबडं, पण तोंडावर असं सुख की मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

“तवय हातले आग व्हती,” एकदा ती मला म्हणाली. “धरता उनं नही. आते धरस.” तेव्हा धरता आलं नव्हतं, आता धरते.

माझ्या मनात काय काय येत होतं ते सांगणं अवघड आहे. कधी मी त्या पडलेल्या हाताकडे बघायचे आणि मला खरंच वाटायचं, तो लहान दिसतो. एकदा स्वयंपाकघरातून ताटं आणताना मी चार ताटं घेतली आणि मधेच थांबले.

आठवड्यातून काही दिवस शबनम यायची. गावातलीच मुलगी, फिजिओथेरपी शिकून आलेली, स्कूटीवरून येऊन आधी हात धुणारी. तिनं पहिल्याच दिवशी खाट उजव्या अंगानं भिंतीला लावून घेतली, म्हणजे मायला डावीकडे बघावंच लागेल. काही दिवसांनी तिनं मला ओट्यावर बोलावलं.

“ताई, बोटं आखडायला लागलीत,” ती म्हणाली. “तो हात आपला नाही असं काकू म्हणतात ना, तोपर्यंत त्या तो वापरणार नाहीत. आणि वापरला नाही तर पुढे तो उघडणार नाही. हाताला थोडी जान येतेय, मला जाणवतंय. पण त्यांना रोज सांगायला लागेल.”

“काय सांगायचं?”

“हा तुमचाच हात आहे म्हणून. प्रेमानं सांगा. पण सांगा.”

हाताला जान येतेय म्हणजे काय, ते मला कळत होतं. काठावर रक्त परतत होतं. उपाशी पेशींनी उभे केलेले वाहक फुकट गेले नव्हते. साखर पोचत होती, गप्प झालेल्या जागी पुन्हा हालचाल होत होती. माझ्या प्रबंधात ही सर्वांत आनंदाची पानं होती. मी आबांना सांगितलं.

“ऱ्हाऊ दे ना,” ते म्हणाले. “एक हातवर बी माणूस जगस.”

“आबा, ती उद्या उठी, चालाले लागी. तिले हात लागी.”

“तिले पोर सापडनी शे, नंदा.”

ते उठून आत गेले. त्या दिवशी त्यांनी मायच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून स्वतः मोकळी केली. बोटं खरंच आखडली होती. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, “सांग तिले.”

सकाळी तिचं तोंड धुऊन झाल्यावर मी तिचा डावा हात उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरला. मनगटापासून खांद्यापर्यंत तिची नजर बोटानं फिरवत नेली, शबनमनं शिकवलं होतं तसं. बांगडी तुझी, गोंदण तुझं, दंड तुझा, खांदा तुझा. “माय, हाऊ तुना हात शे.”

तिनं मान हळूहळू फिरवून सगळं पाहिलं. गोंदण पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

“मंग मंगल कोठे शे?”

आबा माझ्या मागे उभे होते. ते पुढे झाले, खाटेवर तिच्या डाव्या बाजूला बसले, आणि म्हणाले, “ती गयी ना. कवयच गयी. मना मांडीवर गयी.”

माय रडली. म्हातारं माणूस जुन्या दुःखाला रडतं तसं नाही; आत्ताच निरोप आल्यासारखी. आणि दुपारपर्यंत विसरली. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा मंगलचा होता. पुन्हा मी दाखवलं, पुन्हा तिनं विचारलं, पुन्हा आबांनी सांगितलं. त्या दिवसांत मायला ही बातमी रोज सकाळी नव्यानं कळायची. आबा दाढी करायचे, सदरा घालायचे आणि येऊन बसायचे. मी एकदा म्हटलं, आज मी सांगते. ते म्हणाले, “तू व्हती का तठे?”

मग एका सकाळी मी हात दाखवला आणि मायनं मंगलबद्दल विचारलं नाही. गोंदणाकडे बघत राहिली. “मनाच शे,” म्हणाली. आबा सवयीनं पुढे झाले होते ते तसेच थांबले. त्याच आठवड्यात तिच्या डाव्या हाताची तर्जनी गोधडीवर हलली. शबनमला इतका आनंद झाला की तिनं आम्हा तिघांना हातात हात घालून बसवलं. मीही हसले. खोलीत आता आम्ही चौघंच होतो हे मला फार जाणवत होतं.

हात परत आला, सगळा नाही पण कामापुरता. आता माय डाव्या हातानं परात धरते, उजव्यानं पीठ मळते. मंगलचं नाव मात्र त्या सकाळनंतर तिनं काढलं नाही. मी एकदा विचारलं, आजारपणातलं काय आठवतं? “मले काहीच याद नही,” म्हणाली, आणि परातीकडे वळली.

मी विद्यार्थ्यांना तो धडा दर वर्षी शिकवते. फळ्यावर भिंत काढते, वाहक काढते, काठ काढते. रक्त परतलं की पेशी जाग्या होतात, असं सांगते. जागं झाल्यावर काय जातं, हे पुस्तकात नाही. मंगल त्या मेलेल्या डागात होती, की उपाशी काठावर, की धड असलेल्या कुठल्या जागी इतकी वर्षं दाबून ठेवलेली? मी कितीदा विचार केला आहे. माझ्या विषयाला हा प्रश्नच विचारता येत नाही.

काल दुपारी जेवणं झाल्यावर आबा आणि मी ओट्यावर बसलो होतो. माझी माणसं जळगावला. मी एकटीच आले आहे. माय आत आडवी झाली होती. आबा सुपारी कातरत होते, मग अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले, “तुले सांगू का, नंदा? मले ते दिवस याद येतस. तवय घरमा दोन्ही पोरी व्हत्यात.”

त्यांनी अडकित्ता पुन्हा उचलला.

“तू एवढी शिकेल शे. सांग बरं, ती कोठून उनी व्हती?”

“आबा, मले ठाऊक नही.”

“बरं शे,” ते म्हणाले, आणि खरोखर त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

आत खाट करकरली. माय कुशीवर वळली असावी. तिचा आवाज आला, झोपेतला, जड.

“पोरी जेवन्यात का?”

मी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते दाराकडे तोंड करून, तिला नीट ऐकू जाईल असं म्हणाले, “जेवन्यात. दोन्ही जेवन्यात.”